आजी काय म्हणाली होती

राजाजीनगर, बेंगळुरू
३ फेब्रुवारी २०२५

सुखदा,

कशी आहेस, असं विचारायचा हक्क मला उरलेला नाही, तेव्हा ते सोडतो आणि कामाचं बोलतो. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून हा कागद. छप्पन्न वर्षांचा बाप अठ्ठावीस वर्षांच्या लेकीला टपालाने पत्र पाठवतोय, हे ऐकून चंदनला हसू आवरेना. चंदन माझ्या बँडमध्ये बेस वाजवतो. त्याला म्हटलं, हस लेका, तुला अजून पोरं नाहीत.

तर काम असं. माझा नवा अल्बम होतोय. नाव ‘वखार’. आठ गाणी, त्यातली सात झाली. बाज ब्लूजचाच आहे, शब्द माझे, सॅक्सोफोन माझा, पण या वेळी सोबत खंडोजीची हलगी आहे. खंडोजी आपल्या निपाणीचा, जत्रेत वाजवणारा. फंक हा शब्द त्यानं आयुष्यात ऐकलेला नाही आणि त्याच्याइतकं फंकी मी आजवर कुणाला वाजवताना ऐकलेलं नाही. एक गाणं माझ्या शेजारणीवर आहे. मी सरावाला बसलो की ती भिंतीवर टकटक करते, ‘स्वल्प मेल्लगे, सार’, म्हणजे जरा हळू. गाण्याचं नावच ‘स्वल्प मेल्लगे’ ठेवलं. तिला ऐकवलं तर म्हणाली, छान आहे, आता हळू वाजवा.

आठवं गाणं आजीचं आहे. तंबाखूच्या वखारीत पानं निवडताना ती म्हणायची त्या ओव्या. सुट्टीत निपाणीला यायचीस तेव्हा ती तुला मांडीवर घेऊन शिकवायची, आणि मी डोकावलो की तू म्हणायचीस, ‘ए बाबा, तू जा रे, आमचं चाललंय.’ मी गेलो. त्यामुळे मला एकच ओवी येते.

पान निवडता निवडता हात झाले तपकिरी,
लेक माझी दूर देशी, तिची सय येते उरी.

पुढच्या तीन ओव्या तुला येतात. जगात आता फक्त तुलाच येतात. सत्तावीस तारखेला के. आर. पुरमला रणवीरच्या स्टुडिओत शेवटचं रेकॉर्डिंग आहे. तू ये आणि गा. एका दिवसाचं काम आहे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

आता ते दुसरं. मी काही विसरलेलो नाही. तीन वर्षांपूर्वी तू पुण्याहून आजारी आजीला बघायला इथं बेंगळुरूला, बनशंकरी भागातल्या माझ्या तेव्हाच्या घरी आलीस, आणि तिनं हात झटकत तुला ‘हाड’ म्हटलं. कुत्र्याला म्हणतात तसं. दोनदा म्हटलं. तू आल्या पावली गेलीस. पण सुखदा, म्हातारं माणूस, अर्धं अंग लुळं पडलेलं, तोंडाला येईल ते बोलतं. त्यात तिचा दोष नव्हता, आणि माझाही नव्हता. झालं ते गंगेला मिळालं असं समजू या.

वाट बघतो.

बाबा

*

राजाजीनगर
१३ फेब्रुवारी

सुखदा,

पोचल्याची पावती फोनवर आली. सही तुझ्या आईची. म्हणजे पत्र घरात आहे, आणि तू ते उघडलंस की नाही हे मला कळायचा मार्ग नाही.

तुझ्यावाचून अडेल असं काही नाही, हे स्वतःला पटवायला मागच्या आठवड्यात दोन उद्योग केले. पहिला, सिद्धी नावाच्या मुलीला बोलावलं. मूळची नागपूरची, इथं कंपनीत आहे, गळा उत्तम. तिनं ती पहिली ओवी इतकी गोड म्हटली की वखारीत तंबाखूऐवजी बासुंदी भरलीय असं वाटावं. बिचारी तीन तास घासत बसली. तिची काही चूक नाही. दुसरा उद्योग, उरलेल्या ओव्या मी स्वतः लिहिल्या. तीस वर्षं गाणी लिहितोय, तीन ओव्या म्हणजे काय मोठं. रणवीर म्हणाला, सॉलिड आहे सर. खंडोजीनं हलगी शेकायची थांबवून ऐकलं आणि हलगी खाली ठेवली. म्हणाला, ‘अण्णा, राग मानू नगा, पर ह्ये म्हातारीचं न्हवं.’

मला राग आला. संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोललो नाही. मग कागद फाडला, कारण त्याचं खरं होतं.

आता जे लिहितोय ते तुला दया यावी म्हणून लिहीत नाही, असं लिहिणार होतो. पण त्याचसाठी लिहितोय. माझे वरचे पुढचे दोन दात हलतायत. हिरड्या गेल्यात. सॅक्सोफोनचं माउथपीस त्याच दोन दातांवर टेकतं, सगळा सूर तिथून धरायचा असतो. हल्ली वरची पट्टी लावली की डोळ्यांत पाणी येतं आणि सूर घसरतो. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढायलाच हवेत. मी महिना मागितला, त्यांनी अठ्ठावीस तारीख दिली. नंतर नवे बसवतील, पण हाड भरायला कित्येक महिने लागतील, आणि पूर्वीसारखं वाजेल का, यावर त्या नुसत्या हसल्या. ‘ट्राय माडोणा सार,’ म्हणाल्या. करून बघू. डॉक्टर ‘करून बघू’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, हे मला आजीच्या वेळी कळलंय.

म्हणजे सत्तावीस तारीख ही माझी शेवटची तारीख आहे. तुझ्या आवाजामागे मला एकदा वाजवायचंय, बस. ये ना गं.

बाबा

*

राजाजीनगर
२० फेब्रुवारी

सुखदा,

सकाळी तुला एक पत्र लिहिलं होतं. त्यात बरंच काही होतं. बाप एवढा नाक घासतोय आणि पोरीला कशाची म्हणून कदर नाही, आईनं चढवून ठेवलंय, वगैरे. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, आणि तेवढ्यात तुझ्या आईचा फोन आला. नऊ वर्षांत स्मितानं मला आपणहून केलेला हा पहिला फोन.

ती म्हणाली, ‘पत्रं पाठवणं बंद कर, नागनाथ.’

मी म्हटलं, ‘ती वाचते का?’

‘वाचते. दोनदोनदा वाचते आणि मग जेवत नाही. तू तिला गायला काय बोलावतोस? तुला माहीत नाही का?’

‘काय माहीत नाही?’

‘ती गात नाही. तीन वर्षं झाली. क्लास सोडला, परीक्षेचा फॉर्म भरला होता तो तसाच राहिला. आंघोळीला गेल्यावरसुद्धा गुणगुणत नाही रे. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ज्या तोंडानं आजीनं मला गाणं दिलं, त्याच तोंडानं हाकललं, आता ते माझं नाही.’

मला वाटायचं तू माझ्यावर रुसलीयस. बाप सोडून गेला, त्याचा राग आहे, तो असायलाच हवा, आणि एक दिवस निवळेल, अशी मी समजूत घालून घेतली होती. तू गाणं टाकलंस हे मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नाही.

स्मिता शेवटी म्हणाली, ‘तू त्या खोलीत उभा होतास. एक शब्द बोलला नाहीस. म्हातारीचं जाऊ दे, तुला काय झालं होतं?’

मी फोन ठेवला. सकाळचं पत्र फाडलं. मला तुला काहीतरी सांगायचंय आणि आज हात चालत नाही. दोन दिवस दे.

बाबा

*

राजाजीनगर
२२ फेब्रुवारी

सुखदा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधेच फाडलंस तर माझं काही जाणार नाही, तुझं जाईल.

तुझ्या आजीचं नाव रेणुका नव्हतं. ते सासरचं नाव. तिचं नाव यल्लव्वा. हुक्केरीजवळच्या खेड्यातली, घरात निव्वळ कन्नड. सोळाव्या वर्षी निपाणीत लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. माझ्या आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, पहिल्याच दिवशी सांगितलं, या घरात कानडी चालायचं नाही. यल्लम्मा म्हणजेच रेणुका, देवी तीच, म्हणून यल्लव्वाची रेणुका केली. त्या पोरीनं वखारीतल्या बायकांकडून मराठी उचलली, ओव्या उचलल्या, आणि नंतर पंचावन्न वर्षं तिच्या तोंडून एक कन्नड शब्द कुणी ऐकला नाही. मी ऐकला नाही तर तू कुठून ऐकणार. तुझ्यासाठी ती मराठी आजी होती. मी जी कन्नड शिकलो ती शाळेत आणि नंतर या गावात.

झटका आला आणि तिची मराठी गेली. हे मी तुला सांगितलं नव्हतं. फोनवर म्हणालो होतो, ‘आजीचं बोलणं गेलंय.’ खरं तर बोलणं गेलं नव्हतं. नंतर शिकलेली भाषा पुसली गेली होती आणि लहानपणची वर आली होती. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. नीर म्हणायची, पाणी. साक म्हणायची, पुरे. दिवसातून दहादा अव्वा, अव्वा, आईला हाक मारायची. बारा दिवस मी तिच्याशी कन्नडमध्ये बोलत होतो. आईची ओळख नव्यानं करून घेत होतो म्हण.

त्या बारा दिवसांत मी तिच्या उशाशी रोज सॅक्सोफोन वाजवला. हळू, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. तिच्या वखारीतली चाल वाजवली, आरत्या वाजवल्या, माझे वडील बँडमध्ये वाजवायचे ती लग्नातली गाणी वाजवली. ती छताकडे बघत पडायची. बाराव्या दिवशी म्हणाली, ‘साक.’

तेराव्या दिवशी तू आलीस. सकाळची बस, खांद्यावर ती हिरवी सॅक. जिन्यातच आपलं वाजलं. मी म्हटलं, चार वर्षांत आजीला भेटायला वेळ झाला नाही, आता आलीस. तू म्हणालीस, वेळेचं तू नको बोलूस बाबा. तुझं बरोबर होतं, म्हणून मला जास्त झोंबलं. आणि तुझ्या मनात ते चार वर्षांचं आधीच खात होतं, हेही मला दिसत होतं. दिवाळीला येते म्हणून दोनदा आली नव्हतीस.

तू खोलीत गेलीस. तिनं तुला ओळखलं. बारा दिवसांत पहिल्यांदा तिची नजर कशावर तरी ठरली. डावा हात पांघरुणातून बाहेर काढला, वरखाली हलवायला लागली आणि म्हणाली, हाड. तू जागीच थांबलीस. ती पुन्हा म्हणाली, हाड.

सुखदा, कन्नडमध्ये गाणं म्हणजे हाडु. आणि ‘गा’ म्हणायचं तरी हाडु. आमच्या बाजूला शेवटचा उकार गिळतात. हाड. म्हणजे गा.

ती तुला गा म्हणत होती. तो हात तुला हाकलत नव्हता. ती ताल धरत होती. ओवीचा ताल, पान उचल, पान ठेव. मी चाळीस वर्षं वाजवतोय, मला ताल दिसत नाही का?

मला पहिल्याच शब्दाला कळलं. तू माझ्याकडे बघितलंस, ते आठवतं? तू विचारत होतीस, हे खरंच मला म्हणाली का. आणि मी मान खाली घातली.

का घातली, ते लिहितो. बारा दिवस मी वाजवत होतो आणि मला तिनं पुरे म्हटलं. तू नुसती दारात उभी राहिलीस आणि तुला म्हणाली, गा. जन्मात एकदा तिनं मला ‘वाजव’ म्हटलं नाही. वडिलांच्या बँडमध्ये उभा राहिलो तेव्हा नाही, पहिली कॅसेट नेऊन दिली तेव्हा नाही. आणि तुझा चेहरा पडला तेव्हा, देवाशपथ लिहितो, मला एक क्षण बरं वाटलं. जिन्यात तू मला बोलली होतीस त्याची फिटंफाट झाली असं वाटलं. एवढाच मी माणूस आहे.

म्हटलं, संध्याकाळी सांगू, हसू दोघं. संध्याकाळपर्यंत तू पुण्याच्या बसमध्ये होतीस. दुसऱ्या दिवशी ती दाराकडे बघून तेच म्हणत होती, हाड, हाड. मी तिला कन्नडमध्ये सांगितलं, ती गेली, येईल पुन्हा. तिसऱ्या दिवशी आई गेली. नंतर तुला सांगायचं म्हणजे आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. आठवडा गेला, वर्ष गेलं, आणि जितका उशीर झाला तितकं जड झालं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, तोंडाला येईल ते बोलतं म्हातारं माणूस. त्या पत्रातही मी खोटंच बोललो, आणि कशासाठी, तर एका गाण्यासाठी.

रेकॉर्डिंगला येऊ नकोस हवं तर. अल्बम खड्ड्यात गेला. पण तू गा. तिनं तुला सांगितलं होतं. तिचा निरोप मी तीन वर्षं दाबून ठेवला, तो आज पोचवतोय. मला माफ कर असं लिहायला तोंड नाही, तरी लिहितो. मला माफ कर.

नागनाथ

*

पुणे
२ मार्च २०२५

बाबा,

तुमचं पत्र चोवीसला मिळालं. आधी मला ते खरं वाटलं नाही. तुम्हाला गाणं पुरं करायचं होतं, त्यासाठी तुम्ही काहीही रचाल असं वाटलं. ऑफिसमध्ये शिवलीला म्हणून एक मुलगी आहे, हुबळीची. तिला जेवताना विचारलं, कन्नडमध्ये हाड म्हणजे काय. ती म्हणाली, ‘हाडु? सिंग! का गं, कुणी सांगितलं तुला गायला?’ मी डबा बंद करून जिन्यात जाऊन बसले.

सत्तावीसची रजा टाकली होती. सव्वीसचं तिकीटही काढलं होतं. बॅग भरली आणि मग सोडून ठेवली. तुम्ही सगळे वाट बघत असाल हे माहीत होतं. सत्तावीसला दिवसभर घरातच होते. सकाळी मेथी निवडायला घेतली आणि दुसऱ्या जुडीला ओवी म्हटली. आवाज फार वाईट लागला. आईनं कुकरचा गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला टेकून उभी राहिली. तिसरी ओवी आठवेना. दुपारी आठवली. आता चारही येतात.

त्या मी तुम्हाला लिहून पाठवणार नाही, आणि रेकॉर्ड करूनही नाही. यल्लव्वानं त्या मला दिल्या होत्या. तुमचं आठवं गाणं एका ओवीचंच राहू दे.

तुम्ही खरं सांगितलंत, हे मी विसरणार नाही. ते सांगायला तीन वर्षं घेतलीत, तेही विसरणार नाही. मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारत होते की मी इतकं काय केलं होतं. तुम्ही मला अजून ‘ए बाबा’ची आठवण काढून लिहिता. ते ‘तू’ आता माझ्या तोंडात येत नाही, म्हणून ‘तुम्ही’ म्हणतेय. येईल तेव्हा येईल.

दातांचं वाचून वाईट वाटलं. अठ्ठावीसला काढले असतील. गरम काही खाऊ नका, आणि शेजारणीला सांगा, आता काही दिवस घर शांत असेल. वाजवता आलं नाही तरी पहिली ओवी तुम्हाला येते. आजी मला जे म्हणाली तेच मी तुम्हाला म्हणते.

हाड.

कुठल्या भाषेत म्हणतेय ते तुम्ही ओळखा. तुम्हाला दोन्ही येतात.

सुखदा